फुटपट्टीने मोजलेला विनोद

दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत पॅरिसमध्ये विनोदी चित्रपट निघत होते, तसेच ते कोल्हापूर-पुण्यातही निघत होते. परकीय सत्तेखालच्या या हसण्याला कोणी अडवले नाही. मग मराठीतली ती बहरलेली विनोदपरंपरा युद्ध संपता संपता ओसरली कशी? तिचा बळी सेन्सॉरच्या कात्रीने घेतला नाही, तो घेतला कच्च्या फिल्मच्या फुटपट्टीने.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशातील एकाही लोकप्रतिनिधीचे मत त्यांनी विचारले नव्हते. निषेध म्हणून काही आठवड्यांतच मुंबई, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि इतर प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. रोजचे वर्तमानपत्र उघडावे तो पराभवाच्या, बाँबवर्षावाच्या आणि महागाईच्या बातम्या, असे ते दिवस होते.

त्याच १९४० साली मराठी प्रेक्षकासमोर एक चित्रपट आला. त्यात तोफा नव्हत्या, सैनिक नव्हते, व्हाइसरॉयही नव्हते. एका मध्यमवर्गीय घरातली लग्न जमवण्याची यातायात, एक भित्रा कारकून आणि त्याचा धिप्पाड जोडीदार, एवढ्याच भांडवलावर तो उभा होता. चित्रपटाचे नाव ‘लग्न पहावं करून’. दिग्दर्शक मास्टर विनायक, संस्था नवयुग चित्रपट आणि मूळ लेखक चिं. वि. जोशी. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्यांच्या अंगवळणी पडली होती, अशा प्रेक्षकांना नावातच निम्मी गोष्ट कळत होती.

युद्धकाळात लोकांना हसावेसे वाटते, कारण त्यांना दुःख विसरायचे असते, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. परकीय सत्तेखाली निघालेल्या विनोदी चित्रपटाबाबत आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. राज्यकर्त्याला हे हसणे का चालले? आणि हसवणाऱ्याने त्या सवलतीचे काय केले? हे दोन्ही प्रश्न जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्सच्या संदर्भात पुष्कळ चर्चिले गेले आहेत. मराठीच्या बाबतीत ते फारसे कोणी विचारलेले नाहीत.

हंसचा वारसा

‘लग्न पहावं करून’ आकाशातून पडला नव्हता. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था काढली. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे असे दोन अगदी भिन्न प्रकृतीचे लेखक या संस्थेला लाभले. खांडेकरांच्या कथांवर ‘छाया’, ‘ज्वाला’, ‘देवता’ असे गंभीर चित्रपट निघाले. अत्र्यांच्या लेखणीतून ‘धर्मवीर’, ‘प्रेमवीर’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ उतरले. एकाच दिग्दर्शकाने एका हाताने आदर्शवाद आणि दुसऱ्या हाताने त्याच आदर्शवादाची टिंगल करावी, असे दृश्य भारतीय चित्रपटात त्यापूर्वी क्वचितच दिसले असेल.

१९३८ चा ‘ब्रह्मचारी’ आज प्रामुख्याने मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखासाठी आठवला जातो. त्याचा खरा रोख मात्र ब्रह्मचर्याचे जाहीर व्रत घेऊन शिस्तीच्या नावाखाली माणूसपण गुंडाळून ठेवणाऱ्या प्रवृत्तीवर होता. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली आणि ‘ब्रँडीची बाटली’ही त्याच वर्षीचा. आजारी माणसासाठी औषध म्हणून ब्रँडी मिळवण्याची कामगिरी बगाराम नावाच्या भोळ्या कारकुनावर येऊन पडते आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. दामूअण्णा मालवणकरांनी हा बगाराम असा काही उभा केला की, त्यांचे तिरळे डोळे ही मराठी विनोदाची ओळख होऊन बसली.

याचा अर्थ असा की, युद्ध सुरू झाले तेव्हा कोल्हापूरची विनोदपरंपरा तयार होती. तिची लक्ष्येही ठरलेली होती. ढोंगी सुधारक, बोलघेवडा पुढारी, घरातली जुलमी रूढी आणि कचेरीतला साहेब. ही सगळी घरातली माणसे होती. या परंपरेत परकीय राज्यकर्ता थेट कधीच आला नाही. येऊ शकलाही नसता.

१९४० मध्ये विनायक, पेंढारकर आणि अत्रे यांच्या पुढाकाराने ‘नवयुग चित्रपट’ ही मर्यादित कंपनी उभी राहिली. भागधारकांच्या पैशावर, आखीव कारभाराने चित्रपट काढायचे, ही कल्पना त्या काळात नवीच होती. कंपनी निघाली ती नेमकी युद्धाच्या तोंडावर. ‘लपंडाव’ आणि ‘लग्न पहावं करून’ ही तिची पहिल्याच वर्षातली विनोदी अपत्ये.

पालीचा पंडित आणि पुण्याचा कारकून

चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. जातककथा आणि बौद्ध धर्म हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. याच माणसाने १९३० च्या दशकात चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठीला दिली. चिमणराव अंगाने किडकिडीत, मनाने भिडस्त आणि पेशाने कारकून. गुंड्याभाऊ पिळदार अंगाचा, दांडगट आणि स्वतःच्या ताकदीवर अवाजवी विश्वास असलेला. एकाची भीती आणि दुसऱ्याचे धाडस दोन्ही शेवटी सारखीच फसतात, हे जोशींच्या विनोदाचे मर्म आहे.

चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो. आपण किती शहाणपणाने वागलो, हे पटवून देण्याच्या भरात तो स्वतःचा भित्रेपणा उघडा पाडतो. पडद्यावर हा निवेदकाचा सूर आणणे सोपे नव्हते. पुस्तकातला विनोद वाक्याच्या वळणात असतो, चित्रपटात तो चेहऱ्यावर आणि हालचालीत शोधावा लागतो. विनायकांनी चिमणरावासाठी दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊसाठी विष्णुपंत जोग यांना निवडले आणि निम्मे काम तिथेच झाले. दोघे एका चौकटीत उभे राहिले की संवाद सुरू होण्यापूर्वीच विसंगती दिसत असे.

या कारकुनाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश राज्ययंत्रणा चालत होती ती लाखो चिमणरावांच्या टाकावर. वरिष्ठांसमोर वाकणारा, घरी आल्यावर उगाच ताठणारा, रजेच्या अर्जापायी रात्रीची झोप गमावणारा हा माणूस केवळ पुणेरी नमुना नव्हता. परकीय सत्तेने घडवलेला तो सामाजिक प्रकार होता. चिमणरावाला हसताना १९४० चा नोकरदार प्रेक्षक स्वतःला हसत होता. साहेबाविषयी एक अवाक्षर न काढता साहेबाच्या सावलीत माणूस किती लहान होतो, हे त्या हसण्यात येऊन जाई. लेखकाचा हेतू राजकीय होता, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु पात्रच जर परिस्थितीतून जन्मले असेल, तर ती परिस्थिती न सांगताही सांगितली जाते.

पॅरिसचा धडा

हे समजून घ्यायला फ्रान्सचे उदाहरण उपयोगी पडते. पॅरिस पडल्यावर काही महिन्यांतच जर्मनांनी तेथे ‘काँतिनांताल’ नावाची चित्रपटसंस्था काढली. आल्फ्रेड ग्रेव्हेन हा जर्मन अधिकारी तिचा प्रमुख होता. भांडवल जर्मन, कलावंत आणि भाषा मात्र फ्रेंच. या एका संस्थेने चार वर्षांत ३० चित्रपट काढले. अमेरिकन आणि ब्रिटिश चित्रपटांवर बंदी होती, ज्यू कलावंतांना व्यवसायातून हाकलून लावले होते. रिकाम्या झालेल्या पडद्यावर फ्रेंच चित्रपट चालणार, हे उघड होते. ताबेदारीच्या त्या चार वर्षांत फ्रान्समध्ये सुमारे २२० कथापट तयार झाले.

गोबेल्सला त्यांच्याकडून काय हवे होते, ते त्याच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. फ्रेंचांनी हलकेफुलके, उथळ, करमणुकीचे चित्रपट काढावेत, राष्ट्रभावना जागी होईल असे काही काढू नये, ही त्याची भूमिका होती. संगीतकार बर्लिओझच्या जीवनावर ‘काँतिनांताल’नेच एक भव्य चित्रपट काढला, तेव्हा तो इतका चांगला का झाला म्हणून गोबेल्स संतापला! जित लोकांनी हसत राहावे, ही जेत्याची गरज असते. हसणारा माणूस निरुपद्रवी असतो, असा त्याचा समज असतो.

या समजाचा फायदा काही कलावंतांनी उठवला. ऑन्री-जॉर्ज क्लूझो या दिग्दर्शकाचा १९४२ मधला पहिला कथापट हा त्याचा उत्तम नमुना. शहरात खुनांची मालिका चालू आहे आणि प्रत्येक प्रेतापाशी खुनी ‘श्रीयुत द्युराँ’ या नावाचे भेटपत्र ठेवतो. द्युराँ हे तिकडचे आपल्या जोशी-पाटलांइतके सर्वसामान्य आडनाव. खुनी २१ क्रमांकाच्या खाणावळीत राहतो, एवढाच सुगावा लागतो. मग पोलीस अधिकारी पाद्र्याच्या वेषात तेथे मुक्कामाला जातो आणि त्याच्या मागोमाग त्याची भांडकुदळ प्रेयसीही दाखल होते. पियेर फ्रेने आणि सुझी देलेर यांची जुगलबंदी, खाणावळीतली चक्रम मंडळी आणि चुरचुरीत संवाद यांमुळे चित्रपट अखंड हसवतो.

त्यात एकही जर्मन सैनिक दिसत नाही. रेशनच्या रांगा नाहीत, संचारबंदी नाही. तरीही खाणावळीतला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने पाहतो. एका खुन्याला पकडावे तर दुसरीकडे नवा खून पडतो, कारण खुनी एक नसून तिघे संगनमताने हा उद्योग करत असतात. खुनी कोणी राक्षस नाही, तो आपल्यातलाच, सभ्य कपड्यांतला माणूस आहे. चुगलखोरीने पोखरलेल्या त्या शहरातल्या प्रेक्षकांना यातले काय उमगत असेल, ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी क्लूझोने निनावी पत्रांवरचा ‘कावळा’ हा जळजळीत चित्रपट काढला आणि तो उजव्या-डाव्या दोघांनाही झोंबला. मुक्तीनंतर जर्मन संस्थेत काम केल्याबद्दल त्याला काही काळ व्यवसायबंदी भोगावी लागली, तोही इतिहासच.

फ्रान्सने आपल्याला दिलेला धडा एवढाच आहे. परकीय सत्तेखालचा विनोद हा गुलामगिरीही नसतो आणि उघड बंडही नसते. तो या दोहोंमधल्या अरुंद बोळातून वाट काढतो. आपल्याकडची वाट मात्र वेगळ्या ठिकाणी अडली.

कात्रीला न सापडलेले

हिंदुस्थानात चित्रपटांची तपासणी १९२० पासून चालू होती. मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्तांच्या वर्चस्वाखालील मंडळे परवाने देत. ‘महात्मा’ हे नाव खटकल्यामुळे प्रभातच्या संत एकनाथांवरील चित्रपटाला १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ व्हावे लागले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. काँग्रेस मंत्रिमंडळांच्या काळात ही पकड काहीशी सैलावली होती. युद्ध आणि त्यापाठोपाठ ‘भारत संरक्षण नियम’ आले आणि ती पुन्हा आवळली गेली. गांधीजींची तसबीर, चरखा, तिरंगा यांवर तपासनिसांची करडी नजर असे.

गंभीर चित्रपटाला या नजरेतून सुटणे कठीण होते, म्हणून आडवाटा निघाल्या. बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ (१९४३) मध्ये कवी प्रदीप यांनी परकीयांना या देशातून चालते व्हा, असे बजावणारे गाणे लिहिले आणि त्यात जर्मन व जपानी यांची नावे घातली. सेन्सॉरला ते युद्धाला पूरक वाटले. थिएटरात टाळ्या पडल्या त्या मात्र भलत्याच अर्थाला.

विनोदी चित्रपटाला एवढीही कसरत करावी लागत नव्हती. त्याचे शस्त्र दुहेरी अर्थ हेच होते. ‘लग्न पहावं करून’च्या यशानंतर विनायकांनी चिं. वि. जोशींच्याच लेखनावरून १९४२ मध्ये आणखी एक चित्रपट काढला. त्याचे नाव ‘सरकारी पाहुणे’. मराठीत या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. एक संस्थानच्या खर्चाने उतरलेला अतिथी आणि दुसरा तुरुंगात गेलेला माणूस. ज्या वर्षी ‘चले जाव’ची हाक उठली आणि हजारो स्त्री-पुरुष खरोखरच सरकारी पाहुणे झाले, त्याच वर्षाचा शिक्का या नावावर असावा, हा निव्वळ योगायोग असेल. परंतु जाहिरातीचा तो फलक वाचताना गालातल्या गालात हसणाऱ्या मराठी माणसाला कोणता तपासनीस काय करू शकणार होता?

तेव्हा कात्रीने या विनोदाचे फारसे काही वाकडे केले नाही. घाला आला तो दुसरीकडून.

फिल्म आणि दारूगोळा

त्या काळी चित्रपटाची फिल्म नायट्रोसेल्युलोजपासून बनत असे. तोफेच्या आणि बंदुकीच्या धूरहीन दारूतही हेच रसायन वापरले जाते. म्हणजे युद्धाला आणि सिनेमाला लागणारा कच्चा माल एकाच गोत्रातला. शिवाय टेहळणी विमानांच्या छायाचित्रांसाठी, नकाशांसाठी आणि प्रचारपटांसाठी लष्करालाही फिल्म भरमसाट लागू लागली.

आपल्या देशात कच्च्या फिल्मचा एक फूटही तयार होत नव्हता. तो कारखाना उटकमंडला उभा राहायला १९६० चे दशक उजाडावे लागले. सगळा माल परदेशातून येई. युद्ध पेटताच जर्मनीची ‘आग्फा’ बंद झाली. मे १९४० मध्ये बेल्जियम पडले आणि ‘गेव्हार्ट’ही गेली. उरली प्रामुख्याने ‘कोडॅक’. तीही लष्कराची गरज भागवून आणि पाणबुड्यांच्या तडाख्यातून वाचलेल्या जहाजांतून जेवढी येईल तेवढी.

१९४२ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर आणि जाहिरातपटाची ४०० फुटांवर आणली. पडद्यावर मिनिटाला ९० फूट फिल्म धावते. म्हणजे कथापट सुमारे दोन तासांत संपवणे भाग पडले. अडीच-तीन तासांच्या, गाण्यांनी भरलेल्या बोलपटांना सरावलेल्या व्यवसायाला हा मोठाच धक्का होता. १९४३ मध्ये याहून कठोर पाऊल पडले. कच्ची फिल्म परवान्याशिवाय मिळणार नाही आणि परवाना देताना युद्धप्रयत्नांना साह्य करणाऱ्या निर्मात्यांना झुकते माप मिळेल, असे धोरण आले. त्याच वर्षापासून प्रत्येक खेळात सरकारमान्य प्रचारपट आणि वार्तापट दाखवणे चित्रपटगृहांवर सक्तीचे झाले. त्यांची मर्यादा होती २,००० फूट, म्हणजे बावीस मिनिटे. चिमणरावांच्या फजितीला जागा अपुरी पडत होती, सरकारी वार्तापटाला मात्र ती राखून ठेवलेली होती.

लांबी कमी झाल्याने चित्रपट आटोपशीर झाले, असे म्हणता येईल आणि ते काही अंशी खरेही आहे. पण विनोदाचे गणित निराळे असते. विनोदी प्रसंग कागदावर साधत नाही, तो करून पाहावा लागतो. नटाची नजर अर्धा क्षण उशिरा वळली की हशा जातो. म्हणून असे प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करावे लागतात आणि त्यात फिल्म जळते. फुटाफुटाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या दिग्दर्शकाला ही चैन परवडत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो.

एक चित्रपट, दोन भाषा

मराठीवर याहून मोठा आघात झाला तो दुसऱ्याच कारणाने. हंस आणि प्रभातसारख्या संस्था आपले बरेच चित्रपट एकाच वेळी मराठी आणि हिंदीत काढत. तेच कथानक, तेच नेपथ्य, बहुधा तेच नट. मराठी दृश्य झाले की लगेच हिंदी दृश्य. ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’, ‘अर्धांगी’ या सर्वांना हिंदी जुळी भावंडे होती. हिंदीतून खर्च निघे आणि त्या आधारावर मराठीची हौस भागे. या पद्धतीला फिल्म दुप्पट लागते. परवान्यात मिळणारी फिल्म एकाच भाषेपुरती असेल, तर निर्माता कोणती भाषा निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

मराठी विनोदाचा प्रेक्षक मुळात मर्यादित होता, हेही नाकारता येत नाही. चिमणराव कळायला पुण्याची मध्यमवर्गीय घडण माहीत असावी लागे. आज आपण ज्याला झरी जामणी तालुका म्हणतो, तो यवतमाळ जिल्ह्याचा तेलंगणाला भिडलेला भाग तेव्हा वऱ्हाडात मोडत होता. गोंड-कोलामांच्या त्या पाड्यांवर गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानावर पडे, दिव्याला वीज नव्हती, मग सिनेमा कुठला? सदाशिव पेठेतल्या कारकुनाची लग्नाची लगबग तिथवर पोहोचणे अवघडच आणि पोहोचली असती तरी ती परक्या देशातली वाटली असती. स्वतःच्याच प्रदेशात जिची पोच एवढी तोकडी, त्या बाजारपेठेला टंचाईच्या दिवसांत कोण जपणार? मराठी चित्रपटांची संख्या युद्धाच्या अखेरीस बोटांवर मोजण्याइतकी उरली, त्यामागे हे दुखणेही होते.

भरीला युद्धाच्या नफेबाजीतून आलेला काळा पैसा होता. ठेकेदारीत आणि साठेबाजीत कमावलेल्यांना तो कुठेतरी गुंतवायचा होता. मुंबईत त्यांनी एकेका चित्रपटापुरते निर्माते होऊन नटनट्यांना भरमसाट रकमा देऊ केल्या. मासिक पगारावर कलावंत सांभाळणाऱ्या कोल्हापूर-पुण्याच्या संस्थांना ही स्पर्धा झेपणारी नव्हती. व्ही. शांताराम यांनीही १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईत ‘राजकमल’ उभारले. विनोदी चित्रपटाला तर चमूची सवय लागते. लेखक, दिग्दर्शक आणि नट वर्षानुवर्षे एकमेकांसोबत काम करतात, तेव्हा कुठे मालवणकर-जोगांसारखी जोडी जमते. तो चमूच विस्कटू लागला.

कोल्हापूर सुटले

नवयुगमधून बाहेर पडल्यावर विनायकांनी कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली. ‘माझं बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’ हे तिचे मराठी चित्रपट याच टंचाईच्या काळातले. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा त्यांच्या बारा वर्षांच्या थोरल्या मुलीला विनायकांनी आधार दिला. लता मंगेशकर यांनी नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका केली आणि पुढे त्या प्रफुल्लमध्ये मासिक पगारावर काम करू लागल्या. त्यांचे पहिले हिंदी चित्रपटगीत ध्वनिमुद्रित झाले ते ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटासाठी. मराठी चित्रपटात हिंदी देशभक्तिपर गीत यावे, यात त्या काळाची दिशा दिसते.

परवान्याच्या राजकारणातून विनायकही सुटले नाहीत. त्यांचा ‘बडी माँ’ (१९४५) हा युद्धप्रयत्नांना साह्य करणारा चित्रपट म्हणूनच ओळखला जातो. नूरजहाँ नायिका, भाषा हिंदी, मराठी आवृत्ती नाही. शांतारामांनी ही अट निराळ्या रीतीने पुरी केली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनमध्ये केलेल्या सेवेवर चित्रपट काढला, तर जपानविरुद्धच्या युद्धाला तो पूरकही ठरतो आणि नायक काँग्रेसने पाठवलेला देशभक्तही राहतो. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर पडद्यावर आला. गंभीर चित्रपटाला अशी तोड काढता आली. चिमणरावाला युद्धप्रयत्नांत कसे भरती करणार? त्याचे सारे अस्तित्वच मुळी कोणत्याही भरतीतून अंग काढून घेण्यावर उभे होते.

१९४५ मध्ये विनायक आपली मंडळी घेऊन मुंबईला आले. त्यानंतरचे ‘सुभद्रा’ आणि ‘जीवन यात्रा’ हे दोन्ही हिंदीच. युद्ध संपले, कच्च्या फिल्मवरचे नियंत्रण उठले, परंतु कोल्हापूरची ती विनोदी घडी पुन्हा बसली नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य मिळून अवघे चार दिवस झाले असताना, मास्टर विनायक निवर्तले. वय होते ४१. ज्याला परक्यांच्या राज्यात कारकुनाची फजिती दाखवावी लागली, त्याने स्वराज्यातला कारकून कसा दाखवला असता, हे पाहणे आपल्या नशिबी नव्हते.

उरले काय?

चिमणराव-गुंड्याभाऊ मेले नाहीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा घराघरांत नेली. आज चिमणराव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रभावळकरच येतात. मालवणकर आणि जोग यांनी त्याच्या जवळजवळ चार दशके आधी, ऐन महायुद्धात, तो पडद्यावर आणला होता, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे.

विस्मरणाला रसायनाचीही साथ मिळाली. ज्या नायट्रेटपायी फिल्म दुर्मीळ झाली होती, तेच नायट्रेट तिचे वैरी ठरले. ही फिल्म आपोआप विघटित होते आणि भडकन पेटते. कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची हजारो रिळे जळून गेली.

फ्रान्सने आपल्या युद्धकालीन चित्रपटांशी अवघड भांडण केले. कोणी कोणासाठी काम केले, कोण फितूर, कोण चतुर, यावर खटले झाले, पुस्तके निघाली. बर्त्राँ ताव्हेर्निए या दिग्दर्शकाने २००२ मध्ये ‘काँतिनांताल’मधल्या कलावंतांच्या कोंडीवरच एक चित्रपट काढला. या भांडणामुळे ते चित्रपट जतन झाले, पुन्हा पाहिले गेले आणि त्यांतल्या हास्याचा अर्थ नव्याने लावला गेला. आपण आपल्या युद्धकालीन विनोदाशी असे भांडलो नाही, कारण त्यात भांडण्यासारखे काही आहे, असे आपल्याला वाटलेच नाही. ‘हलकीफुलकी करमणूक’ असा शेरा मारून आपण तो बाजूला ठेवला. योगायोग असा की, गोबेल्सचा शेराही याहून वेगळा नव्हता.

म्हणून ‘ब्रह्मचारी’ किंवा ‘ब्रँडीची बाटली’ कधी पाहायला मिळाला, तर केवळ जुन्या गाण्यांसाठी पाहू नये. पाठोपाठ आलेल्या टंचाईने पुढे काय काय खुडून टाकले, याचा अंदाज त्यावरून येतो. युद्धात काय गमावले याची मोजदाद करताना आपण माणसे मोजतो, पैसा मोजतो. ११,००० फुटांच्या मापात न मावलेला मराठी विनोद त्या यादीत कोणी लिहिलेला नाही.